चंदाबाईचा डावा हात

चंदाबाई दर रविवारी सकाळी तांड्यावरून कळमनुरीला प्रार्थनेला जाते ती पायी, आणि तीही शेतांमधल्या जुन्या वाटेनं. डांबरी रस्ता होऊन बरीच वर्षं झाली. पण रस्त्यानं निघालं की कुणीतरी मोटारसायकल थांबवतं, "बसा मामी" म्हणतं, आणि मग वाटभर त्याच्याशी गप्पा मारत बसावं लागतं. चंदाबाईला त्या वेळी फक्त देवाशी बोलायचं असतं. तेही मनातल्या मनात नाही, चांगलं मोठ्यानं, मधूनमधून भांडल्यासारखं. एखादा नवखा सालगडी "ही बाई कुणाशी भांडून राहिली?" असं विचारतो, तेव्हा बाकीचे त्याला सांगतात, "भांडण न्हाई रे, तिची प्रार्थना हाय ती."

बाई उंच, काटक, पंचेचाळिशीच्या आसपासची. उजवा हात मनगटापासून नाही. तो ती पदराखाली कधी लपवत नाही. उरलेल्या डाव्या हातानं ती खुरपते, धुणं धुते, भाकरी थापते. आणि आपली भाकरी तांड्यातल्या दोन हातांच्या बायकांपेक्षा गोल होते असं तिचं स्वतःचं म्हणणं आहे. ते तितकंसं खरं नाही, पण तिच्यासमोर बोलणार कोण? नवरा नेमसिंग, मोजकं बोलणारा माणूस. मुलगी कोमल नांदेडला नर्सिंग शिकते. तीन एकर रान, त्यात थोडी हळद, बाकी सोयाबीन. तांडा बंजाऱ्यांचा, घरात गोरमाटी बोलणारा आणि बाहेर मराठी. त्यातली तीन घरं येशूला मानतात आणि त्यांतलं पहिलं घर हिचं.

एवढ्यावरून ही कुणी सोशिक, शांत, हळू बोलणारी भक्तीण असेल असं वाटत असेल तर ते मनातून काढून टाका. चंदाबाईची जीभ तिच्या विळ्यापेक्षा धारदार आहे. आणि एका माणसाचा राग तिनं इतकी वर्षं इतक्या निगुतीनं जपला होता, की तेवढी निगा तिनं हळदीचीही राखली नसेल.

तो माणूस म्हणजे हरिचंद, नेमसिंगचा चुलतभाऊ. मागच्याच गल्लीत राहणारा, कामाला वाघ, चार लोकांत वजन असलेला. दहा-बारा वर्षांपूर्वी तांड्यात हडंबा त्याच्या एकट्याकडं होता. सोयाबीन मळायच्या यंत्राला आमच्याकडं हडंबा म्हणतात. ट्रॅक्टरच्या जोरावर तो धडधडतो, एका तोंडानं पेंढ्या गिळतो आणि दुसरीकडून दाणे टाकतो. माणसाचा हात आत जाऊ नये म्हणून त्या तोंडावर लांब पत्रा बसवलेला असतो.

त्या वर्षी ऐन सुगीत आभाळ भरून आलं. कापलेलं सोयाबीन आधीच ओलसर, आणि ओला माल त्या पत्र्याखाली तुंबतो. पत्रा काढला की तोच माल हातानं भराभर आत लोटता येतो. पावसाच्या धाकानं तेव्हा सगळेच असं करायचे आणि काही व्हायचं नाही. हरिचंदनं पाना घेतला, पत्रा काढून बांधावर ठेवला आणि म्हणाला, "लोटा आता बिनघोर." चंदाबाई लोटू लागली. नेमसिंग रानाच्या दुसऱ्या टोकाला पेंढ्या बांधत होता. त्याला बायकोचं ओरडणं ऐकू आलं नाही. हडंब्याचा आवाज बदललेला तेवढा ऐकू आला.

ती नांदेडच्या दवाखान्यातून परत आली तेव्हा तांड्याचा नायक थावरा याच्या ओट्यावर बैठक बसली. सगळ्यांसमोर हरिचंद म्हणाला, "पत्रा बसवलेलाच होता, नायक. आत्ताबी हाय, जाऊन बघा. बाईचं ध्यान न्हवतं, पदर गुतला." लोकांनी जाऊन पाहिलं. पत्रा होता, सगळे नटबोल्ट घट्ट आवळलेले. हरिचंद पोलीस केसला भ्यायला होता आणि ती दवाखान्यात असताना त्यानं पत्रा परत बसवला होता, हे आज कुणालाही कळेल. तेव्हा मात्र जे डोळ्यांना दिसलं ते लोकांनी खरं मानलं. थावरा नायक वाईट माणूस नव्हता, पण चंदाबाईकडं बघून तो म्हणाला, "बाई, झालं ते झालं. काम करताना पदर सांभाळावा."

हात गेल्याचं दुःख तिनं वर्षा-दोन वर्षांत पचवलं. हे बोलणं मात्र पचलं नाही.

आणि त्यात डावा हात. आपल्याकडं डाव्या हाताचं काय असतं ते सांगायला नको. बारशाला तिनं डाव्या हातानं सुपारी पुढं केली, तर एका म्हातारीनं घेता घेता हात मागं ओढला. सासू म्हणाली, "लेकराला त्या हातानं घास भरवू नको गं." कुणी वाईट मनानं बोलत नव्हतं, म्हणूनच तर ते जास्त लागायचं. लग्नाच्या पंगतीत ती बसली की शेजारची बाई हळूच सरकून बसायची. मग चंदाबाईनं पंगतीला जाणंच सोडलं.

दवाखान्यात असताना शेजारच्या खाटेवर एक म्हातारी होती, आणि तिची सेवा करायला तिची मुलगी जनकाबाई. ही कळमनुरीच्या प्रार्थनाघराच्या पाळकांची बायको. चंदाबाईनं पहिल्यांदा डाव्या हातानं चहाचा कप उचलला तो अर्धा सांडला, उरलेला अर्धा तिनं रागानं जनकाबाईपुढं धरला. "घ्या. तुमाला चालत असंल तर." जनकाबाईनं तो घेतला, प्याली आणि म्हणाली, "साखर कमी हाय." एवढंच. ना कीव, ना उपदेश. चंदाबाई येशूकडं आली ती त्या अर्ध्या कप चहामुळं, असं ती आजही सांगते. कुणी विचारतं, "मग हात आला का परत?" ती म्हणते, "हात न्हाई आला. मी आले."

पत्र्याच्या छपराच्या त्या प्रार्थनाघरात पहिल्यांदा प्रभुभोजन, म्हणजे येशूच्या आठवणीची भाकरी, घेताना तिनं भीतभीत डावा तळहात पुढं केला. पाळकांनी क्षणभरही न थांबता त्यावर भाकरीचा तुकडा ठेवला. चंदाबाई सगळ्यांदेखत रडली.

पण एक खोट राहिली होती. प्रभूनं शिकवलेली प्रार्थना सगळे मिळून म्हणत, त्यात आम्ही दुसऱ्यांचे अपराध सोडले तसे तू आमचे सोड, अशा अर्थाचं एक मागणं येतं. ते आलं की चंदाबाईचं तोंड मिटायचं. मागणं पुढं गेलं की ती पुन्हा सुरात सूर मिसळायची. एकदा तिनंच जनकाबाईला सांगून टाकलं, "तेवढं मी म्हनत न्हाई. माझ्यानं हुत न्हाई."

"मग नको म्हनू," जनकाबाई म्हणाली. "देवासमोर खोटं बोलण्यापरीस गप बसलेलं बरं. त्याला गप बसलेलंबी ऐकू येतं."

चंदाबाई तशीच वर्षानुवर्षं गप्प बसत राहिली. हरिचंदच्या गल्लीतून ती कधी गेली नाही. पाण्याला जायची ती शाळेला वळसा घालून. सुगी आली, हडंब्याची धडधड सुरू झाली की ती चुलीपुढं बसून स्वतःशीच पुटपुटायची, "पत्रा त्यानं काढला व्हता. पदर गुतला न्हवता." कधीतरी नायकाच्या ओट्यावर उभं राहून हे सगळ्यांना सुनवायचं, हे तिनं मनाशी पक्कं केलं होतं. आवाज कसा लावायचा, कुणाकडं बघायचं, सगळं ठरलेलं होतं. हरिचंदचं तोंड तेव्हा कसं होईल तेही.

मागच्या वर्षी उन्हाळ्यात हरिचंदला लकवा मारला. उजवी बाजू गेली, जीभ जड झाली. हिंगोलीच्या डॉक्टरांनी सांगितलं की पायात थोडी ताकद येईल, उजव्या हाताची आशा धरू नका, डाव्याची सवय लावा. चंदाबाईच्या कानावर हे आलं. त्या दिवशी तिनं भाकरीवर तूप जरा जास्तच घेतलं, असं नेमसिंग सांगतो.

काही आठवड्यांनी हरिचंदची बायको शकुंतलाबाई दारात येऊन उभी राहिली. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच.

"चंदाबाई," ती म्हणाली, "माझ्या हातानं घास घेत न्हाईत, लाज वाटते म्हनतात. डाव्या हातानं जेवत न्हाईत, तो हात ताटात घालायचा न्हाई म्हनतात. ताट फेकून देऊन राहिले. वाळून चालले. सदरा घालायचा तरी दोघा जणांचं बळ लागतंय. तुमी एका हातानं समदं करता. तुमी येऊन दाखवलं तर..."

चंदाबाईच्या तोंडून शब्द असा निघाला की जणू तो कधीचा दारातच उभा होता. "तुमच्या मालकाला सांगा, पदर सांभाळा म्हनावं."

शकुंतलाबाई खाली मान घालून निघून गेली. चंदाबाई आत आली. तिला वाटलं होतं, एवढं एकदा बोलून घेतलं की छातीवरचा दगड उतरेल. दुपारभर तसं वाटलंही. संध्याकाळी जेवायला बसली आणि घास काही केल्या खाली जाईना. हरिचंदला बोलायचं ते आपण त्या बिचारीला बोललो, हे तर होतंच. पण त्याहून मोठी गोष्ट अशी, की बोलताना आपल्याला गोड लागलं, हे तिला आठवत राहिलं. थावरा नायकाचंच बोलणं आपण उचलून दुसऱ्याच्या तोंडावर मारलं. ज्या बोलण्यानं आपण इतकी वर्षं होरपळलो, तेच.

रविवारी शेताच्या वाटेनं जाताना त्या दिवशी तिची प्रार्थना नेहमीपेक्षा मोठ्यानं चालली होती. "मला त्याला माफ करायचं न्हाई," ती देवाला म्हणाली. "खरं सांगून राहिले. मला त्याचं तोंडबी बघायचं न्हाई. तुला करायचं असंल तर तू कर. माझे पाय तेवढे तिकडं ने, मन तुझं तू बघ." ही काही पुस्तकात छापण्यासारखी प्रार्थना नव्हे. पण देवानं पाय नेले. परत येताना ती शाळेचा वळसा न घेता हरिचंदच्या गल्लीत शिरली, आणि त्याच्या दारात पोहोचेपर्यंत तिचं तिलाच खरं वाटत नव्हतं.

आधी ती शकुंतलाबाईपुढं उभी राहिली. "त्या दिवशी मी वाईट बोलले. चुकले." मग आत गेली. हरिचंद खाटेवर होता. गालफडं बसलेली, दाढी वाढलेली. तिला बघून त्यानं तोंड भिंतीकडं फिरवलं.

"माझ्या तोंडाकडं नका बघू," चंदाबाई म्हणाली. "मलाबी तुमच्याकडं बघायची हौस न्हाई. हाताकडं बघा."

तिनं ताटाखाली ओलं फडकं ठेवलं, म्हणजे ताट सरकत नाही. भाकरी वरणात कुस्करली, म्हणजे मोडायला दुसरा हात लागत नाही. आणि ताट त्याच्यापुढं ठेवलं. हरिचंदनं डाव्या हातानं ते उडवलं. सगळं वरण तिच्या लुगड्यावर.

"डा... डाव्यानं... जेवायचं?" तो कसंबसं म्हणाला. "मे... मेलेलं बरं."

"मी त्याच हातानं जेवून राहिले इतकी वर्षं," चंदाबाई म्हणाली. "मी मेलेली दिसते का?"

ती लुगडं झटकून घरी गेली आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा आली. तिसऱ्या दिवशी तिनं आपलंही ताट आणलं, त्याच्यासमोर मांडी घालून बसली आणि मुकाट्यानं जेवू लागली. डाव्या हातानं, निवांत, बोटं चाटत. हरिचंद बघत राहिला. मग त्याचा हात हळूच ताटाकडं गेला. शकुंतलाबाई चुलीकडं तोंड करून डोळे पुसत होती.

सदरा घालताना आधी मेलेला हात बाहीत घालायचा, मग जिवंत. नाडी दातात धरून गाठ मारायची. तांब्या गुडघ्यांत धरून दात घासायचे. एकेक गोष्ट चंदाबाई शिकवत गेली, आणि शिकवता शिकवता तिला आपलेच दिवस आठवत गेले. हे सगळं ती एकटीनं शिकली होती, दार लावून, रडत, चिडत, गाठ सुटली की भिंतीला शिव्या देत. तेव्हा तिला वाटायचं, ही मेहनत कुणाच्या कामाची? आता ती कामाला आली, आणि आली तीही याच माणसाच्या. तिला एकदा याचं हसू आलं. घरी येऊन ती नेमसिंगला म्हणाली, "देवाला माझी चेष्टा करायला लई आवडते."

हरिचंद तिला एकदाही त्या दिवसाबद्दल बोलला नाही. तीही बोलली नाही. पण पावसाळा सरता सरता एका रविवारी ती प्रार्थना आटोपून शेताच्या वाटेला लागली, ओढा ओलांडला आणि मधेच थांबली. ते मागणं आज आपण म्हटलं. न थांबता, सगळ्यांबरोबर, आवाज न बदलता म्हटलं आणि पुढंही गेलो. कधी म्हटलं तेही तिला कळलं नव्हतं. ती तिथंच बांधावर बसली. कधी नव्हे ती देवाशी भांडली नाही. "उपकार तुझे, बापा, उपकार," एवढंच किती तरी वेळ म्हणत राहिली.

सुगी झाल्यावर चंदाबाई दरवर्षी अंगणात उपकारस्तुती ठेवते. पाळक आणि जनकाबाई येतात, गाणी होतात, नव्या पिकाबद्दल देवाचे आभार मानले जातात, आणि मग सगळ्या तांड्याला जेवण. ख्रिस्ती असो नसो, जेवणाला सगळे येतात. चंदाबाईच्या हातचं वरण तांड्यात नावाजलेलं आहे. गेल्या साली ती स्वतः हरिचंदला बोलवायला गेली. तो मानेनं नाही म्हणाला. चार लोकांत तो अजून जेवला नव्हता.

"या," ती म्हणाली. "मी तुमच्या शेजारी बसते. लोकांनी बघितलं तर दोघांचे डावे हात बघतील."

तो काठी टेकत टेकत आला. पंगत मांडली. एका बाजूला थावरा नायक, समोर नेमसिंग, आणि इकडं हरिचंदशेजारी चंदाबाई. बंजाऱ्याच्या पंगतीत बाई पुरुषाशेजारी बसली म्हणून दोन-चार जणांनी एकमेकांकडं बघितलं. तिनं तिकडं लक्ष दिलं नाही. पाळकांनी प्रार्थना केली. वाढून झालं. लोक जेवायला लागणार, तेवढ्यात हरिचंद काठीवर जोर देऊन उभा राहू लागला. शकुंतलाबाई धावली आणि तिनं त्याला धरलं.

"प... पत्...रा," तो म्हणाला. तोंड वाकडं झालं, घाम आला. "मी... मी... क..."

"काय म्हनून राहिला?" थावरा नायकानं विचारलं. "पाणी पाहिजे का?"

पंगतीत कुणाला काही कळलं नाही. शकुंतलाबाईनं खाली बघितलं. चंदाबाईला मात्र पहिल्याच अक्षराला कळलं होतं. तिनं त्याच्या बाहीला धरून हळू आवाजात म्हटलं, "राहू द्या, भाऊ. मला पोचलं. बसा."

हरिचंदनं जोरजोरात मान हलवली. डोळ्यांतून पाणी वाहत होतं. त्यानं डाव्या हातानं सगळ्या पंगतीकडं बोट दाखवलं, मग स्वतःच्या तोंडाकडं, आणि मग चंदाबाईच्या तोंडाकडं. तू सांग.

चंदाबाई उभी राहिली. इतकी वर्षं ज्या दोन वाक्यांची तिनं तयारी केली होती, ती आज तिला तिच्या वैऱ्यानंच बोलायला लावली. आवाज कसा लावायचा ते ठरलेलं होतं. पण तो आवाज आता तिच्याकडं उरलाच नव्हता. तिनं साधंच सांगितलं.

"हरिचंदभाऊ म्हनून राहिले, हडंब्याचा पत्रा त्यायनं काढला व्हता. माझा पदर गुतला न्हवता."

नेमसिंगनं दोन्ही हातांनी तोंड झाकलं. थावरा नायक आपल्या ताटाकडं बघत राहिला; मग त्यानं म्हातारे हात जोडले आणि चंदाबाईपुढं मान लववली.

"अन् माझं मी सांगते," ती म्हणाली. "हे ऐकायच्या आधीच मी सोडलेलं हाय. आज ऐकलं म्हनून न्हाई. आधीच."

हरिचंद हमसून हमसून रडत होता. शकुंतलाबाईनं त्याला खाली बसवलं. चंदाबाईही बसली, डोळे पुसले, आणि त्याच्या ताटातली भाकरी वरणात कुस्करू लागली.

"रडून झालं की जेवा," ती म्हणाली. "वरण निवून चाललं."